एमिली मायर यांचे वाद्यवृंदसंगीत : परिचय व विस्मृतीची कारणमीमांसा

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत स्त्रीने गीते अथवा पियानोसाठी छोट्या रचना करणे समाजमान्य होते. सिम्फनी हे क्षेत्र मात्र पुरुषांचेच मानले जाई. अशा काळात आठ सिम्फनी रचणाऱ्या एमिली मायर (1812-1883) यांच्या वाद्यवृंदसंगीताचा परिचय करून देणे व त्याच्या विस्मृतीची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण :
मायर यांचा जन्म मेक्लेनबर्गमधील फ्रीडलांट येथे एका औषधविक्रेत्याच्या घरी झाला. 1840 मध्ये वडिलांनी आत्महत्या केल्यानंतर त्यांनी श्टेटिन (आजचे पोलंडमधील श्चेचिन) येथे कार्ल लोवे यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. 1847 मध्ये बर्लिनला येऊन त्या ए. बी. मार्क्स यांच्याकडे काउंटरपॉइंट व फ्यूग, तर विल्हेल्म वीप्रेख्ट यांच्याकडे वाद्ययोजना शिकल्या. 21 एप्रिल 1850 रोजी बर्लिनच्या राजकीय नाट्यगृहात वीप्रेख्ट यांच्या संचालनाखाली केवळ त्यांच्याच रचनांची मैफल झाली.

रचनांचे स्वरूप :
त्यांच्या आरंभीच्या सिम्फनींवर व्हिएन्नाच्या अभिजात परंपरेची छाप दिसते. पुढील रचनांत बेथोव्हेनशी नाते सांगणारा नाट्यमय संघर्ष येतो. उत्तरायुष्यातील ‘फाउस्ट ओव्हर्चर’ (ऑपस 46) बी मायनरमधील गंभीर, संथ प्रारंभाकडून बी मेजरमधील उजळ समाप्तीकडे जाते.

विस्मृतीची कारणे :
मायर यांना रंगमंच मिळाला; मुद्रण मात्र क्वचितच लाभले. गीत किंवा पियानोरचना छापल्यास ती घरोघरी खपे. सिम्फनीसाठी संपूर्ण स्वरलिपीबरोबरच प्रत्येक वाद्याची स्वतंत्र प्रत आवश्यक असते. तिचे ग्राहक मोजके वाद्यवृंदच. परिणामी मायर यांच्या बहुतेक सिम्फनी हस्तलिखितातच राहिल्या. बी मायनरमधील सिम्फनीचे मूळ वाद्यवृंदरूप तर हरवले. चार हातांनी वाजवावयाच्या पियानोरूपावरून ते नव्याने सिद्ध करावे लागले. ज्या रचनेच्या प्रतीच उपलब्ध नाहीत, ती पुढील पिढीचा वाद्यवृंद वाजवू शकत नाही आणि न वाजलेली रचना इतिहासग्रंथांतही स्थान मिळवीत नाही.

निष्कर्ष :
मायर यांची विस्मृती हा गुणवत्तेचा निवाडा नव्हे. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातील हस्तलिखिते अभ्यासली गेली आणि एकविसाव्या शतकात त्यांच्या सिम्फनींची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा हे संगीत पुन्हा श्रोत्यांपर्यंत पोहोचले. स्त्री-रचनाकारांच्या अभ्यासात ‘त्यांनी काय रचले’ या प्रश्नाइतकाच ‘त्यातील काय जतन झाले’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.