केस पेपर, कथा आणि रोजनिशी

बुडापेस्ट विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात १९०९ साली एक बावीस वर्षांचा डॉक्टर रुजू झाला. चिकित्सालयाचे प्रमुख प्राध्यापक मोराव्चिक. नव्या डॉक्टरचं कागदोपत्री नाव योझेफ ब्रेनर. पण शहरातले वाचक त्याला गेझा चाथ या टोपणनावानं आधीच ओळखत होते. ‘जादूगाराची बाग’ हा त्याचा पहिला कथासंग्रह १९०८ मध्येच निघाला होता. सकाळी रुग्णांच्या नोंदी, संध्याकाळी कथा किंवा संगीतसमीक्षा, असा त्याचा दिवस जाई. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या हातून पत्नीचा खून झाला आणि बत्तिसाव्या वर्षी त्यानं स्वतःचंही आयुष्य संपवलं.

चाथवर लिहिणारे बरेचजण या शेवटापासूनच सुरुवात करतात. मग त्याच्या कथांत सगळीकडे पुढच्या रक्तपाताची चाहूल लागू लागते. त्याचे कागद तारीखवार लावून पाहिले, तर मात्र वेगळंच काहीतरी हाती येतं. हा माणूस जन्मभर एकच काम करत होता: बारकाईनं पाहायचं आणि लिहून ठेवायचं. रुग्णाचा केस पेपर, कथा आणि खासगी रोजनिशी या तिन्हींत हात एकच आहे.

सबादका

चाथचा जन्म १३ फेब्रुवारी १८८७ चा, सबादका या गावचा. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं; आज ते सर्बियात आहे आणि सुबोतित्सा या नावानं ओळखलं जातं. वडील वकील आणि हौशी व्हायोलिनवादक. आई तो लहान असतानाच गेली. घरात संगीत होतं आणि मुलगा चित्रंही काढायचा. शाळेत असतानाच त्याचं संगीतावरचं लिखाण छापून येऊ लागलं.

त्याच्याच गावात, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असा एक आतेभाऊ होता: देझ्यो कोस्तोलान्यी. पुढे तो हंगेरियन भाषेतला पहिल्या रांगेतला कवी आणि कादंबरीकार झाला. दोघं एकमेकांचं लेखन वाचत, पत्रं लिहीत, आणि बुडापेस्टच्या वर्तमानपत्रांचे दरवाजेही आगेमागेच ठोठावत.

१९०४ साली चाथ राजधानीत आला तो संगीत शिकायला. संगीत अकादमीत प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्यानं वैद्यकीला नाव घातलं. संगीत मात्र सुटलं नाही. बेला बारटोक आणि झोल्तान कोदाय या तरुण संगीतकारांकडे बुडापेस्टचे जुने रसिक नाक मुरडून पाहत होते, तेव्हा त्यांचं मोल ओळखणाऱ्या पहिल्या समीक्षकांत चाथ होता. १९०८ मध्ये सुरू झालेल्या ‘न्युगत’ या नियतकालिकानं आधुनिक हंगेरियन साहित्याची एक अख्खी पिढी उभी केली, त्यातही त्यानं लिहिलं.

चिकित्सालयातली बाई

व्हिएन्नात फ्रॉइड आणि झुरिकमध्ये युंग यांनी मनोविकारांकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली होती. जुनी पद्धत लक्षणांची यादी करून रोगाला नाव देण्याची. चाथला प्रश्न पडे तो वेगळा: याच माणसाला हाच भास का व्हावा? भ्रमाचं बी त्याच्या आयुष्यात कुठे पेरलं गेलं?

यातून १९१२ मध्ये ‘मनोविकारांची मानसिक यंत्रणा’ या अर्थाच्या नावाचं त्याचं पुस्तक आलं. त्याचा गाभा म्हणजे एकाच रुग्णाची हकिगत. पुस्तकात ती फक्त आद्याक्षरानं येते, ‘कुमारी जी’. कुठलीशी परकी शक्ती आपल्यात शिरून आपल्याला छळते, असं तिला वाटे, आणि हे सगळं ती स्वतःच लिहून काढी. तिचं लेखन असंबद्ध बडबड म्हणून बाजूला न सारता चाथनं ते पुस्तकात घेतलं आणि त्यातली प्रत्येक कल्पना तिच्या लहानपणाशी, तिच्या दडपलेल्या इच्छांशी जोडून पाहिली. पुढे हेच पुस्तक ‘एका मनोरुग्ण स्त्रीची रोजनिशी’ या नावानं पुन्हा निघालं आणि वैद्यकाबाहेरचे वाचकही ते साहित्य म्हणून वाचू लागले. एका वेड्या ठरवलेल्या बाईचं म्हणणं इतक्या गांभीर्यानं ऐकणारे डॉक्टर त्या काळात थोडेच होते.

पोरांच्या कथा

त्याच्या कथाही याच नजरेनं लिहिलेल्या आहेत. सर्वांत गाजलेली कथा ‘मातृहत्या’. वित्मान नावाचे दोन भाऊ, वडील वारलेले, आईचं त्यांच्याकडे लक्ष नाही. पोरं आधी माळ्यावर मुक्या प्राण्यांचे हाल करतात. पुढे एका वेश्येच्या ओढीनं, तिला नजराणा म्हणून देण्यासाठी, आईचे दागिने चोरायला जातात. आई जागी होते आणि ते तिला भोसकतात. कथा इथे थांबत नाही. मुलं दागिने त्या बाईला नेऊन देतात आणि रोजच्यासारखी शाळेत जातात.

‘लहानगी एमा’ या कथेत मुलं फाशी-फाशी खेळतात आणि त्या खेळात एका गोड मुलीचा जीव जातो. सांगणाराही एक मुलगाच, तोही रोजनिशीतून. दोन्ही कथांत लेखक कुणाला दोष देत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. काय घडलं ते क्रमानं सांगतो. लहान मूल निरागस असतं, या घराघरातल्या समजुतीला त्यानं मोठ्या आवाजात काही न बोलता सुरुंग लावला. यानोश सास या दिग्दर्शकानं ‘मातृहत्या’वर १९९७ मध्ये ‘वित्मान बंधू’ हा चित्रपट केला.

सेंटिग्रॅमचा हिशेब

१९१० च्या वसंतात चाथला आपल्याला क्षय झाल्याची धास्ती बसली. तेव्हा क्षय म्हणजे जवळजवळ मरणाचं बोलावणंच होतं. त्या भयात त्यानं मॉर्फिनचं पहिलं इंजेक्शन घेतलं. डॉक्टरला औषधाचं कपाट कधीच बंद नसतं. इंजेक्शन सुटलं नाही.

चिकित्सालय सोडून तो उन्हाळ्यात गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, हवापालटाला येणाऱ्या श्रीमंतांचा डॉक्टर म्हणून काम करू लागला. १९१२-१३ ची त्याची रोजनिशी या काळातली आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षांनी पुस्तकरूपानं आली. किती वाजता टोचलं, किती सेंटिग्रॅम, मॉर्फिन की अफूपासूनचंच पँटोपॉन, पोट साफ झालं की नाही, खर्च किती झाला, कोणत्या बाईशी संबंध आला, सगळं एकाच थंड सुरात. उद्यापासून मात्रा कमी करायची, हा संकल्प पुन्हा पुन्हा येतो आणि पुन्हा पुन्हा मोडतो. मोडल्याचीही नोंद होते.

दुसऱ्याच्या मनातली गाठ ज्यानं अक्षर न् अक्षर वाचून सोडवली, त्याला स्वतःचा रोग दिसत नव्हता असं नाही. त्याला तो पुरता दिसत होता. आकडा लिहिला की काहीतरी आवरल्यासारखं वाटे, आणि पुढच्या इंजेक्शनला वाट मोकळी होई. निदान म्हणजे उपचार नव्हे, ही गोष्ट त्याच्या रोजनिशीइतकी नेमकेपणानं क्वचितच कुणी दाखवली असेल.

सीमारेषा

१९१३ मध्ये त्यानं ओल्गा योनाशशी लग्न केलं. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं आणि तो लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर गेला. व्यसनामुळे तिथे टिकणं अवघड झालं आणि १९१७ मध्ये त्याला लष्करातून मोकळं केलं गेलं. मग खेडेगावात डॉक्टरकी. शेवटचं गाव रेग्योत्से. १९१८ मध्ये मुलगी झाली. तोवर साम्राज्य कोसळलं होतं, सर्बियन सैन्य त्या भागात आलं होतं, आणि चाथच्या मनात संशयाचं घर झालं होतं. ज्या भ्रमांवर त्यानं पुस्तक लिहिलं, तसेच भ्रम आता त्याला ग्रासू लागले.

१९१९ मध्ये त्याला बाया गावच्या रुग्णालयात मनोरुग्ण म्हणून ठेवलं. तिथून तो निसटला. २२ जुलैला घरी त्यानं पिस्तुलानं ओल्गाला गोळ्या घातल्या. नंतर विष घेतलं, शिरा कापल्या, पण वाचला. सबादकाच्या रुग्णालयातूनही तो पळाला आणि बुडापेस्टच्या वाटेला लागला. त्याला मोराव्चिकच्या चिकित्सालयात जायचं होतं, या वेळी रुग्ण म्हणून. पण नव्यानं आखलेल्या सीमारेषेवर सर्बियन सैनिकांनी अडवलं. तिथेच सप्टेंबरमध्ये त्यानं पँटोपॉनची जबर मात्रा घेऊन जीव दिला. त्याच्या आजारावर आणि मृत्यूवर ‘न्युगत’मध्ये लेख लिहिला तो कोस्तोलान्यीनं.

१९८३ मध्ये पेंग्विननं चाथच्या कथांचा इंग्रजी संग्रह फिलिप रॉथ यांनी संपादित केलेल्या मालेत काढला. प्रस्तावना अँजेला कार्टर यांची. तिथून तो जगभरच्या वाचकांपर्यंत पोचला आणि ‘शापित प्रतिभावंत’ हा शिक्काही त्याच्याबरोबर फिरला. हा शिक्का पुसायला हवा. कथा उत्तम आहेत त्या त्यातल्या नजरेमुळे, अफूमुळे नव्हे. व्यसन वाढलं तसं लेखन आटत गेलं. आणि ओल्गा हे त्याच्या कथेतलं पात्र नव्हतं. कुमारी जीचं म्हणणं निदान त्याच्या पुस्तकात तिच्याच शब्दांत उरलं. ओल्गा मात्र त्याच्या रोजनिशीत दिसते ती फक्त त्याच्या नजरेतून, त्याच्या हिशेबातली एक नोंद म्हणून. चाथ वाचताना त्या नोंदीपलीकडे एक जिवंत बाई होती, एवढं भान वाचकानं ठेवायला हवं. लेखकाला ते ठेवता आलं नाही.