दिनांक व वेळ यांचे एकत्रीकरण

स्वतंत्रपणे नोंदलेला दिनांक व स्वतंत्रपणे नोंदलेली वेळ यांपासून कालगणनेतील एकच निश्चित क्षण मिळविण्याची संगणकीय क्रिया. नोंदवह्यांत दिनांकाचा व वेळेचा रकाना पूर्वापार वेगळा असतो आणि नोंदी संगणकात भरल्यावरही ही विभागणी बहुधा कायम राहते. तथापि दोन नोंदींमधील कालावधी काढावयाचा असल्यास नुसत्या वेळा पुरत नाहीत. उदा., तासगावच्या बेदाणा बाजारपेठेत एखादी मालमोटार २३·३० वाजता आत येऊन ००·४५ वाजता बाहेर पडली, तर वेळांच्या वजाबाकीचे उत्तर उणे २२ तास ४५ मिनिटे येते. दोन्ही वेळांना आपापला दिनांक जोडल्यावर १ तास १५ मिनिटे हा खरा कालावधी मिळतो.

पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत दिनांक, वेळ आणि दिनांक-वेळ असे तीन वेगळे प्रकार मानलेले आहेत. पहिल्या दोहोंची थेट बेरीज ही भाषा स्वीकारीत नाही. त्यांसाठी ‘डेटटाइम’ या वर्गातील ‘कम्बाइन’ ही आज्ञा वापरतात. स्प्रेडशीटमध्ये दिनांक पूर्णांकाच्या व वेळ दिवसाच्या अपूर्णांकाच्या रूपात साठविली जात असल्याने (दुपारचे १२ म्हणजे ०·५) तेथे साधी बेरीज पुरते. दोन्ही मूल्ये अक्षरे म्हणून शेजारी जोडून मग त्यांचा अर्थ लावण्याची रीत सोपी, पण धोक्याची आहे. १०/४ म्हणजे १० एप्रिल की ४ ऑक्टोबर, हे यंत्राला सांगावेच लागते.

अधिक बिकट अडचणी मूळ नोंदीच्या अर्थातून उद्‌भवतात. बोलण्यात ‘सोमवारी रात्री साडेबारा’ म्हणजे बहुधा सोमवारची मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ. घड्याळाप्रमाणे तो मंगळवार. पंचांगातील वार तर सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. जुन्या जन्मनोंदी जुळविताना एका दिवसाची चूक होते ती यामुळेच. तासगावच्या गणपतीचा रथोत्सव भाद्रपद शुद्ध पंचमीस असतो. पण तिथी दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सुरू होत असल्याने, तिचा इंग्रजी दिनांक ठरविल्यावाचून तिला घड्याळी वेळ जोडता येत नाही.

कोणत्या घड्याळाची वेळ, हे न सांगितल्यास संयुक्त मूल्यही अपुरेच राहते. तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला. त्याच्या दोनच दिवस आधी, १ सप्टेंबरपासून, युद्धकालीन व्यवस्था म्हणून भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे करण्यात आली होती. ही व्यवस्था १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत टिकली. त्या दिवसाच्या एखाद्या कागदावर दुपारचे १२ ही प्रमाणवेळ असेल, तर ग्रिनिच वेळेनुसार सकाळचे ५·३० होतात. नेहमीच्या साडेपाच तासांच्या फरकाने हिशेब केल्यास चुकून ६·३० येतात. ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग निर्देशिल्यास पायथन हा फरक आपोआप विचारात घेते. मात्र लिहिणाऱ्याने नवी वेळ लिहिली, की जुन्या सवयीची, की सूर्यावरून अजमावलेली (तासगावची स्थानिक वेळ नेहमीच्या प्रमाणवेळेच्या सु. ३२ मिनिटे मागे असते), हे कागदाच्या अभ्यासकानेच ठरवावयाचे असते. म्हणून मूळचे दोन्ही रकाने तसेच राखून संयुक्त मूल्य तिसऱ्या रकान्यात ठेवणे इष्ट असते.