आयव्हीतला एक दिवस नग्गरसाठी

आयव्हीचा सीझन आला की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच रूट ऐकू येतो. दिल्ली-चंदीगढ-मनाली! कंपनी कुठली बघायची हे शेवटपर्यंत कोणाला धड माहीत नसतं, पण सोलांगला बर्फ आहे की नाही याची खबर सगळ्यांकडे असते. मग मनालीत दोन दिवस, त्यातला एक ट्रॅफिकमध्ये. त्यातलाच एक दिवस वाचवून नग्गरला जा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. दोर नको, गाईड नको, साधे बूट पुरतात. आणि सिव्हिलवाल्यांनी तर हा दिवस सबमिशन समजून करावा.

नग्गर हे बियास नदीच्या डाव्या काठावरचं गाव, मनालीपासून साधारण २० किमी. उंची सुमारे १८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडी जास्त. तेव्हा धाप लागायची भीती नको. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. सतराव्या शतकात ती खाली सुलतानपूरला, म्हणजे आजच्या कुल्लू शहरात गेली. वाटेत जगतसुख लागतं, ती त्याच्याही आधीची राजधानी. तिथलं दगडी शिवमंदिर बघायला बसमधून उतरलात तरी वेळ फुकट जाणार नाही.

नग्गरमध्ये पहिला थांबा म्हणजे तिथला राजवाडा. लोक त्याला कॅसल म्हणतात, आता तिथे सरकारी हॉटेल आहे. पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याने तो एका बंदुकीच्या बदल्यात घेतला असं सांगतात, खरंखोटं देव जाणे! फोटो सगळेच बाल्कनीतून दरीचे काढतात. तुम्ही मात्र आधी भिंतीकडे बघा. देवदाराच्या तुळयांचा एक थर, मग दगडांचा एक थर, पुन्हा लाकूड, पुन्हा दगड. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. कोपऱ्यावर दोन्ही भिंतींच्या तुळया एकमेकींवर चढवून लाकडी खुंट्यांनी अडकवलेल्या. या पद्धतीला तिकडे काठ-कुणी म्हणतात. काठ म्हणजे काष्ठ आणि कुणी म्हणजे कोना. अर्थ आपल्याला लगेच कळतो.

४ एप्रिल १९०५ ला कांग्रा भागात सुमारे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वीस हजारांवर माणसं गेली, कांग्र्याचं मोठं मंदिर आणि किल्ला ढासळला. हा वाडा उभा राहिला. कारण सोपं आहे. दगड दाब घेतो पण ताण घेत नाही, तो लाकूड घेतं. सुटे दगड एकमेकांवर थोडे घसरतात, त्या घर्षणात धक्क्याची ऊर्जा जिरते, आणि लाकडाचा पट्टा भिंतीला फुटू देत नाही. आपण थर्ड इयरला 'आयएस ४३२६' मधले प्लिंथ बँड, लिंटेल बँड घोकतो ना? तेच, फक्त दर हात-दीड हातावर! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. तिथली घरंही दगडाचीच होती, भिंती चांगल्या जाडजूड होत्या. पण त्यांना बांधून ठेवणारं आडवं काही नव्हतं, आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं.

राजवाड्यापासून वर चढणाऱ्या रस्त्याने रमतगमत चालायचं. गौरीशंकराचं दगडी शिखर आणि त्रिपुरासुंदरीचं पॅगोडासारखं लाकडी छत, दोन्ही वाटेवरच. पुढे रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर. ते १९२८ मध्ये इथे आले आणि १९४७ मध्ये इथेच वारले. युद्धातही देवळं, संग्रहालयं, ग्रंथालयं यांना हात लावू नये असा करार त्यांच्या प्रयत्नांतून १९३५ मध्ये झाला, तो रोरिक पॅक्ट. त्यांची सून म्हणजे देविकाराणी, मालाडच्या बॉम्बे टॉकीजची मालकीण! हिमालयाची ती निळी-जांभळी चित्रं मात्र घाई न करता बघा.

अजून पायात जोर असेल तर वर रुमसू गाव गाठा. खरं काठ-कुणी इथे, लोक राहतात त्या घरांत दिसतं. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब थंडीत वर पोचते. पण शेजारीच स्लॅबची घरंही उभी राहताहेत. देवदार तोडण्यावर निर्बंध आहेत (ते हवेतच), लाकूड महाग, ते बसवणारे मिस्त्री कमी, आणि पक्कं घर म्हणजे सिमेंटचं ही समजूत तिकडेही पोचली आहे. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही, आपण स्वतः आरसीसीतच झोपतो. पण काही घरांत वीट-काँक्रीटच्या भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या नुसत्या दिखाव्याला चिकटवलेल्या दिसतात. त्या कोपऱ्यात अडकलेल्या नसतात. खरं आणि नकली ओळखायचं ते कोपऱ्यावरूनच.

काही सूचना. देवाच्या देवळाला आणि भांडाराला हात लावण्याआधी विचारा, चामड्याचा पट्टा बऱ्याच ठिकाणी चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. २०२३ च्या जुलैत आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये बियासने महामार्गाचे तुकडे वाहून नेले. दसऱ्याला गेलात तर कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी सुरू होतो, गावोगावचे देव पालखीतून येतात. भूक लागली की सिड्डू मागा, वाफवलेली भरली भाकरीच म्हणा ना, वर तूप. आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा.