शंभरातली चाळीस

आमच्या शहरातल्या सिडको वसाहतीत एका घराच्या गच्चीवर गेल्या वर्षी जानेवारीत पांढरी फुलं दिसली. कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारखीच, पण एकेक छत्री तळहाताएवढी. मुद्दाम वर जाऊन बघितली. बुकेत गुलाबांच्या मधे भरतात ती व्हाइट लेस, म्हणजे अम्मी माजुस. त्या घरातल्या काकूंनी ती बियांपासून वाढवली होती. त्याच वर्षी दसरा झाल्यावर पेरणी बघायला गेले आणि मग जातच राहिले.

"शंभरातली चाळीस उगवतात," काकूंनी आधीच सांगून टाकलं. धने, ओवा, गाजर, शेपू यांचंच हे कूळ. बी जुनं झालं की उगवण झपाट्याने घटते, म्हणून त्या दरवर्षी ताजंच पेरतात. ऑक्टोबरची उष्णता ओसरून रात्री गार व्हायला लागल्या की बी थेट कुंडीत. याचं सोटमूळ खोल जातं, रोप उचलून लावलेलं त्याला सोसत नाही. ट्रेमधली तयार रोपं आणून हिरमुसणाऱ्यांना मी तरी हेच सांगेन, की थेट पेरा. काळी माती वाळली की वर पापुद्रा धरते आणि कोंब खालीच अडकतो, म्हणून मातीत वाळू आणि शेणखत. वरून मातीची नुसती भुरभुर. दोन-तीन आठवडे ओल मोडू द्यायची नाही. नळाला रोज पाणी नसलेल्या या शहरात काकू त्यासाठी भाज्या धुतलेलं पाणी बादलीत राखून ठेवतात.

खरं काम विरळणीचं. दाट उगवलेल्या रोपांतून वीतभर अंतरावर एक ठेवायचं, बाकीची काढायची. काकू उपटत नाहीत. शेजारच्या मुळांना धक्का बसतो. लहान कात्रीने जमिनीलगत कापतात. दोन रोपं सारखीच जोमदार असली की हात थांबतो. "चाळीसच तर आलीत, त्यातलीही कापायची," म्हणतात आणि कापतात. गाजराच्या पाल्यासारखा हिरवा वास येतो. तो वास आणि तो थांबलेला हात मला फुलांपेक्षा जास्त आठवतो.

त्या वेळी काकूंच्या हातात रबरी मोजे असतात. या झाडाचा चीक कातडीला लागला आणि वर ऊन पडलं, तर फोड येतात. या गुणाचा औषधी उपयोगही झाला. 1940च्या दशकात इजिप्तचे त्वचारोगतज्ज्ञ अब्दुल मोनेम एल मोफ्ती यांनी या झाडातल्या द्रव्याने कोडावर उपचार केले. ते द्रव्य, मेथॉक्ससॅलेन, आजही वापरात आहे. घरात लहान मुलं असतील, तर कुंडी त्यांच्या हाताशी ठेवू नये.

पुढे बांबूचा आधार, माव्यावर नजर, बेताचं पाणी. फुलं उमलली की मधमाश्या येतात. काकू सगळी फुलं तोडत नाहीत. मार्चच्या उन्हात काही छत्र्या झाडावरच तपकिरी होऊ देतात, मग कागदावर चोळून बी पाखडतात. मला पुडी देताना पुन्हा बजावलं, "मोजून पेरू नकोस. शंभरातली चाळीस धर, आणि येत्या दसऱ्यालाच पेर, पुढच्या वर्षासाठी ठेवू नकोस."