वेडरपुराण

माशांशी माझा संबंध ताटात पडणाऱ्या तुकडीपुरता, आणि शिकारीशी तर तेवढाही नाही. त्यामुळे मासे धरण्यासाठी नि बदके टिपण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसांनी कोणता पोशाख घ्यावा, हा विषय मी अंकासाठी निवडला तेव्हा वर्गात हशा पिकला. त्या पोशाखाचे नाव 'वेडर' आहे असे कळल्यावर तर 'विषय लेखिकेला शोभतो' असा शेराही कोणीतरी मारला. मारू द्या. गेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मी स्कॉटलंडमधल्या पर्थला काकांकडे होते. तेथे या एका विजारीच्या निमित्ताने पाणी, चिखल, रबर, थंडी आणि मरण यांविषयी इतके कानांवर पडले की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

इंग्रजीत 'वेड' म्हणजे पाण्यातून चालत जाणे. त्यावरून वेडर. बूट, मोजा आणि विजार यांची ही एकसंध जोडणी. पाणी आत येऊ नये हा तिचा एकमेव धर्म. कोणी ती जांघेपर्यंत घेतात, कोणी कमरेपर्यंत, पण बहुतेक छातीपर्यंत घेतात आणि खांद्यांवरून गॅलिस लावतात. छातीपर्यंत विजार आहे म्हणून छातीभर पाण्यात जायचे नसते, हे आधीच सांगून ठेवते. ती उंची चुकून खड्ड्यात पाय गेला तर उपयोगी पडावी म्हणून असते.

पर्थ शहर टे नदीच्या काठी आहे. ही स्कॉटलंडमधली सर्वांत लांब नदी, सुमारे १९० किलोमीटर. आणि वाहून नेणाऱ्या पाण्याच्या हिशेबाने साऱ्या ब्रिटनमध्ये पहिली. तिच्यात १५ जानेवारीपासून १५ ऑक्टोबरपर्यंत सॅमन माशाचा हंगाम असतो. आमच्या घरात गळ टाकतात ते काका असतील असे कोणालाही वाटेल. पण काका फक्त खाणारे. नदीत उतरते ती काकू. ती मूळची जैतापूर खाडीच्या काठची. लहानपणी लुगड्याचा काष्टा वर खोचून चिखलात तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर हिंडलेली. त्यामुळे कमरेइतक्या पाण्यात उभे राहण्यात तिला काही विशेष वाटत नाही. विशेष वाटते ते पाण्याच्या थंडीचे. वेडरला ती 'माझा चोळणा' म्हणते.

हंगामाच्या शेवटी तिला नवा चोळणा घ्यायचा होता, म्हणून मी बरोबर गेले. दुकानात भिंतभर टांगलेले नमुने पाहून मी विचारले, "यांतला सगळ्यांत चांगला कुठला?" काकू म्हणाली, "अगं बाय, असं विचारायचं नाही. पाणी कुठलं आणि त्यात उभं राहायचंय की चालायचंय, ते आधी सांग." या विषयातले निम्मे शहाणपण या वाक्यात आहे, उरलेले निम्मे तळव्यात आणि पट्ट्यात आहे, त्याकडे पुढे येते.

आधी कापडाकडे पाहू. काकूचे सर्वांत जुने वेडर नायलॉनच्या कापडावर प्लास्टिकचा लेप दिलेले होते. स्वस्त आणि दणकट. पण त्यात अर्धा मैल चालले की घामाने आतून भिजायला होते, मग बाहेरचे पाणी अडवून मिळवले काय? या जातीचा पूर्वज रबरी. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून तो दोष काढला आणि मग बूट, टोप्या, विजारी सगळेच रबराचे होऊ लागले. एडिंबरो येथे १८५६ साली निघालेल्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांसाठी दहा लाखांहून अधिक रबरी बूटजोड पुरवले. चिखलात सतत भिजून सैनिकांचे पाय सडत, म्हणून. पाय कोरडे ठेवणे हा तेव्हा हौसेचा प्रश्न नव्हता.

दुसरी जात निओप्रीनची. हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाले. वेडरसाठी ते फेसाळ करून वापरतात. आत असंख्य बारीक हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात आणि तेच थंडी अडवतात. तीन ते पाच मिलिमीटर जाड असते. आमच्या शेजारचे म्हातारबुवा पहाटे अंधारात खाडीच्या दलदलीत रानहंसांची वाट पाहत बसतात. आइसलँड आणि ग्रीनलंडकडून शरद ऋतूत गुलाबी पायांचे हंस हजारोंनी येतात. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, त्यांची शिकार तेथे कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्न निकालात निघाला आणि मला त्याचे मुळीच दुःख नाही. तरी म्हातारबुवांच्या पोशाखामागचे गणित मात्र पटण्यासारखे आहे. ते तीन-तीन तास जवळजवळ हलतही नाहीत. न हलणाऱ्या शरीरात ऊब तयार होत नाही, असलेली टिकवावी लागते. म्हणून पाच मिलिमीटरचे निओप्रीन, लव्हाळ्याच्या रंगाचे, आणि बूट विजारीलाच कायमचे जोडलेले. चिखल बूट ओढून घेतो; सुटा बूट असला तर माणूस बाहेर आणि बूट आत अशी गत व्हायची. शिवाय नाड्यांच्या बुटात रेंदा भरला तर बोटे गारठलेली असताना त्या सोडवायच्या कोणी?

काकूचे काम याच्या नेमके उलट. ती कृत्रिम माशी गळाला बांधून फेकते (माशीने मासा धरणे हा प्रकार मला अजून मजेशीर वाटतो), दोन पावले पुढे सरकते, पुन्हा फेकते. एक डोह संपला की काठाने चालत दुसऱ्याकडे जाते. निओप्रीन घालून ती उकडून निघेल. तिला हवी तिसरी जात, 'श्वास घेणारी'. अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन झटक्यासरशी ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा केला आणि १९७६ पासून तो कापडांत मिळू लागला. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून जाऊ शकत नाही इतके ते लहान, पण वाफेचा कण सहज निघून जाईल इतके मोठे. घाम वाफ होऊन बाहेर पडतो, नदी बाहेरच राहते. मात्र हे कापड स्वतः ऊब देत नाही. थंडी असेल तशी आत लोकरीची तुमान चढवायची. काकूच्या मते हाच त्याचा मोठा गुण. एकच चोळणा मार्चमध्येही चालतो आणि जुलैमध्येही.

येथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. वाफ बाहेर जाते ती आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडे असेल तेव्हाच. हाच चोळणा जून महिन्यात राजापुरात घातला तर आतबाहेर हवा सारखीच दमट. पापुद्रा बिचारा करणार काय? काही वर्षांपूर्वी काकूने एक जोड भावासाठी कौतुकाने गावी आणला होता. तो आता मांगरात लोंबकळतो आहे आणि त्यात उंदरांचा संसार आहे असे ऐकते. आपल्या कोमट पाण्याला पोशाखाची गरज नाही. गरज आहे ती कालवांच्या धारेपासून तळवा वाचवणाऱ्या एखाद्या हलक्या, झटकन सुकणाऱ्या पादत्राणाची.

तळव्यावरून आठवले. दगडगोट्यांच्या नदीत बूट सुटे असलेले बरे. विजार मोज्याशी संपते आणि वर नाड्यांचे मजबूत बूट चढवायचे, म्हणजे घोटा आवळून धरला जातो. चिखलाला खोल खाचांचा रबरी तळ चालतो. पण टे नदीतल्या गोट्यांवर शेवाळाचा असा लेप असतो की त्यावर रबर सरळ घसरते. त्यासाठी पूर्वीपासून नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, तळाला लावीत. अलीकडे कृत्रिम धाग्यांचाही असतो. नमदा शेवाळावर अगदी पालीसारखा चिकटतो. आणि त्यातच मेख आहे. तो भिजतो आणि लवकर सुकत नाही. त्या ओलाव्यात एका नदीतले जीव दुसऱ्या नदीत जिवंत पोहोचतात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ साली डिडिमो नावाचे शेवाळ सापडले. ते नदीचा तळ मळकट गोधडीसारखा झाकून टाकते. २००८ साली त्या देशाने नमद्याच्या तळांवर बंदी घातली. अलास्काने २०१२ पासून घातली.

नॉर्वेची कथा याहून वाईट आहे. अर्धा मिलिमीटर लांबीचा एक परजीवी १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या माशांबरोबर तेथे शिरला आणि एकामागून एक नद्यांमधली सॅमनची पिल्ले मारीत गेला. शेवटी त्याला हटवण्यासाठी नद्यांमध्ये विष घालून सगळेच मासे मारावे लागले आणि पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली. ब्रिटनमध्ये तो अजून पोहोचलेला नाही. म्हणून नॉर्वेत मासेमारी करून येणाऱ्याने आपले वेडर, बूट, जाळी निर्जंतुक करून, कडकडीत सुकवूनच टेमध्ये उतरावे अशी सक्त सूचना असते. बूट घेताना 'पकड चांगली आहे का' एवढेच आपण विचारतो. 'हा सुकतो किती लवकर' हा प्रश्न मला त्याच्या बरोबरीचा वाटतो. २०२३ साली ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला आहे. काकूसुद्धा धरलेला प्रत्येक मासा पाण्यातच गळ काढून सोडून देते. काका यावर दरवर्षी एकदा रुसतात आणि मग बाजारातून मासा आणतात.

काकूने नमदा नाकारला आणि टंगस्टन कार्बाइडचे खिळे ठोकलेला रबरी तळ घेतला. चालताना दगडांवर करकर आवाज होतो, पण पकड चांगली.

आता पट्टा. दुकानात सर्वांत कमी कौतुक याचेच होते, कारण तो दोन बोटे रुंद साधी पट्टी असते. वेडर घातलेला माणूस पडला की आत पाणी भरते आणि त्या वजनाने तो दगडासारखा तळाला जातो, अशी जुनी समजूत आहे. ती खरी नाही. आतले पाणी आणि बाहेरचे पाणी सारख्याच घनतेचे. पाण्यात पाण्याला वजन कसले? आर्किमिडीजने हा हिशेब केव्हाच करून ठेवला आहे. ली वुल्फ या नामांकित अमेरिकन मासेमाराने १९४० च्या दशकात वेडर घालून पुलावरून नदीत उडी घेतली आणि पोहत काठाला आला, तो हेच दाखवण्यासाठी. खरा धोका दुसरा आहे. वीस लिटर पाणी आत शिरले तर पाण्यात ते जाणवत नाही, पण काठावर चढताना वीस किलोचे ओझे पायांना बांधलेले असते. शिवाय भरलेली विजार प्रवाहात शिडासारखी फुगते. आणि थंड पाणी अंगाला लागताच छाती अशी धपापते की पहिला एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही. पुढे दहाएक मिनिटांत हातपाय काम करीनासे होतात. कमरेवर घट्ट आवळलेला पट्टा पाणी आत शिरणे बरेच लांबवतो. ती मिनिटे त्यातून मिळतात.

मागच्या वसंतात काकू एका बुळबुळीत दगडावरून गेलीच. तिने सांगितले ते असे : "उभं राहायची धडपड करायची नाही. पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, आणि काठाकडे तिरकं सरकायचं." चाळीस-पन्नास हातांवर ती गोट्यांच्या उथळ पाण्यात लागली. पट्ट्याखाली मोजे तेवढे ओलसर झाले होते.

मापाचा प्रश्न शेवटी येतो आणि बायकांना तो फार छळतो. वेडर कित्येक वर्षे पुरुषांच्याच मापाने शिवले गेले. काकू पाच फूट उंच, पाऊल लहान. पुरुषी मापात पायाशी कापडाच्या चुण्या पडत, त्या प्रवाहात ओढ घेत आणि दोन वर्षांत घासून फाटत. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सॅमनचा विक्रम एका बाईच्याच नावावर आहे. जॉर्जिना बॅलन्टाइन हिने ७ ऑक्टोबर १९२२ रोजी याच टे नदीत ६४ पौंडांचा मासा धरला. ती होडीत होती म्हणून बरे, तिच्या मापाचे वेडर तिला कोण देणार होते? आता बायकांची मापे मिळतात. तरी आत जे लोकरी कपडे नि जाड मोजे घालणार तेच घालून दुकानात जावे, एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा छातीकडे न्यावा, मग उकिडवे बसून पाहावे. कोठे ताणले तर शिवण तेथेच उसवणार. बूट घट्ट घेऊ नये. आवळलेल्या पावलात रक्त नीट फिरत नाही आणि मग कितीही मोजे घाला, बोटे बधिर होतात. दुकानदार काकूच्या उकिडवे बसण्याकडे पाहत राहिला. त्याला कोकणातले बसणे माहीत नसावे.

घरी आल्यावर जुन्या चोळण्याची गळती शोधायची होती. श्वास घेणाऱ्या कापडाला एक युक्ती आहे : ते उलटे करून आतून स्पिरिट फवारायचे, जेथे बारीक भोक असेल तेथे काळसर ठिपका उमटतो. प्लास्टिकच्या लेपाच्या विजारीत मात्र अंधाऱ्या खोलीत बॅटरी सोडायची. आम्ही गॅरेजचे दार लावून घेतले, काकूने बॅटरी आत धरली आणि उजव्या गुडघ्यावर तीन चांदण्या दिसल्या. तेथे खडूने खुणा केल्या. ठिगळाचा डिंक वाळायला रात्रभर लागतो, म्हणून विजार उलटी टांगून ठेवली.