कुटुंबवैद्यक : सातपुड्यातील आरोग्यसेवेच्या संदर्भात

प्रस्तावना :
धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून जळगाव येथे ते २०१८ मध्ये सुरू झाले. तथापि शिरपूर, चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांचा आरोग्यप्रश्न केवळ पदवीधर वाढल्याने सुटणारा नाही. हे पदवीधर पुढे कोणती शाखा निवडतात, यावरही तो अवलंबून आहे. या दृष्टीने प्रस्तुत लेखात ‘फॅमिली मेडिसिन’ अर्थात कुटुंबवैद्यक या शाखेचा विचार केला आहे.

संकल्पना :
वय, लिंग वा अवयव यांनुसार रुग्णाची विभागणी न करता संपूर्ण कुटुंबाची प्राथमिक व सातत्यपूर्ण काळजी घेणारी शाखा म्हणजे कुटुंबवैद्यक होय. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांच्या डी.एन.बी. अभ्यासक्रमाद्वारे त्यात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. या शाखेतील तज्ज्ञांची उणीव राष्ट्रीय आरोग्य धोरण, २००२ मध्येही नोंदविली गेली.

गरज :
भिल्ल व पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार येथे उद्बोधक ठरतो. या आजारात सांधे दुखतात, रक्त कमी होते, पोटात कळा येतात. गरोदरपणात धोका वाढतो. अवयवानुसार पाहिल्यास एकच रुग्ण चार तज्ज्ञांकडे विभागला जातो. शिवाय पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजेच येथे खरा रुग्ण एक व्यक्ती नसून कुटुंब असते. भावंडांची तपासणी, विवाहपूर्व सल्ला, नियमित औषधोपचार व रोजगारासाठी होणाऱ्या स्थलांतरातही उपचार चालू ठेवणे, ही कामे कुटुंबाला ओळखणारा आणि अहिराणी, पावरी बोली समजून घेणारा डॉक्टरच करू शकतो.

आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. अशा प्रत्येक केंद्रात सर्व शाखांचे तज्ज्ञ नेमणे अशक्यप्राय होय. अर्थात कुटुंबवैद्य हा शल्यविशारदाला पर्याय नव्हे. गंभीर रुग्ण वेळीच ओळखून त्यास धुळे वा जळगाव येथे पाठविणे हेही त्याचेच कौशल्य होय.

समारोप :
‘तज्ज्ञ होता आले नाही म्हणून फॅमिली डॉक्टर’ हा समज या शाखेच्या निवडीतील मोठा अडथळा आहे. मोठ्या रुग्णालयात विद्यार्थ्यास आजार दिसतो. त्यामागील घर, शेत व स्थलांतर दिसत नाही. ते दाखविण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे. त्यागाची भावना प्रेरणा देऊ शकते. परंतु दुर्गम भागात टिकून राहण्यासाठी त्या कामाचे रीतसर शिक्षण व प्रतिष्ठा या दोहोंची आवश्यकता असते.