लॅपटॉप घेतला? मग खोकं माळ्यावर टाकण्याआधी एवढं तपासा



अर्नाळ्याचं पापलेट घेताना आपण कल्ले उघडून बघतो. सुकेळीचा पुडा घेतला तर पान सोडवून आतलं केळं कसं आहे ते पाहतो. मेथीची जुडीसुद्धा उलटून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. पण चाळीस हजारांचा लॅपटॉप घ्यायची वेळ आली की दुकानदाराने दिलेलं खोकं रिक्षात ठेवून सरळ घरी येतो. "आपल्याला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून मोकळ्या होतो.

आपल्या एका गटाचं असंच झालं. हिशेब, बिलं आणि सुकेळीच्या पुड्यांवरची लेबलं करायला त्यांनी लॅपटॉप घेतला. जाहिरातीत आठ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी लिहिली होती. पाच-सहा महिन्यांनी मशीन इतकं हळू चालायला लागलं की एक बिल काढायला दहा मिनिटं लागायची. एका ताईंच्या लेकीने उघडून पाहिलं तर रॅम चारच जीबी, आणि एसएसडीच्या जागी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. दुकानदार म्हणाला, "तुम्ही हाच तर घेतला होता." बिल काढून पाहिलं तर त्यावर फक्त "लॅपटॉप, १ नग" एवढंच लिहिलेलं. पैसे तर अडकलेच, पण खरेदीला गेलेल्या कोषाध्यक्ष ताईंवर बैठकीत बोट रोखलं गेलं, ते जास्त लागलं. त्यांनी एक रुपयाही इकडचा तिकडे केला नव्हता. फक्त तपासलं नव्हतं.

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

सुरुवात बिलापासून

दुकानात जाताना एकटीने जाऊ नका, दोघी जा. पैसे गटाच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन द्या. बिलावर या गोष्टी लिहून घ्या: कंपनी आणि मॉडेलचं पूर्ण नाव, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, एसएसडी की हार्ड डिस्क आणि किती जीबीची, विंडोज आणि ऑफिस सोबत आहे का, वॉरंटी किती, आणि सिरियल नंबर. जाहिरातीचा कागद किंवा मोबाइलवरचा फोटोही जपून ठेवा. सुटे भाग जोडून केलेला कॉम्प्युटर घेत असाल तर प्रत्येक भाग बिलावर वेगळा लिहायला सांगा.

सिरियल नंबर खोक्यावर असतो आणि लॅपटॉपच्या पाठीवरही असतो. खोकं, लॅपटॉप आणि बिल या तिन्हीकडे तो एकच हवा. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. "नवीन" म्हणून घेतलेल्या मशीनची वॉरंटी वर्षभरापूर्वीच सुरू झालेली दिसली तर तिथेच थांबा आणि विचारा.

मशीनलाच विचारा

लॅपटॉपवर चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नका. स्टिकर कोणीही लावू शकतं. मशीन चालू करून दुकानातच पुढचं बघा.

पहिलं: कीबोर्डवर चार चौकोनांची खूण असलेलं विंडोजचं बटण असतं. ते आणि 'आय' एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडेल. त्यात 'सिस्टिम' आणि सगळ्यात खाली 'अबाउट' निवडा. इथे प्रोसेसरचं नाव आणि रॅम दिसते.

दुसरं: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' निवडा. 'मेमरी'खाली रॅम दिसेल, आणि 'डिस्क'च्या नावाखाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असेल. एचडीडी म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, म्हणून ती कितीतरी पट वेगाने चालते. किमतीतही फरक पडतो. जाहिरातीत एसएसडी आणि पडद्यावर फक्त एचडीडी दिसलं तर माल वेगळा आहे.

दोन्ही ठिकाणचे आकडे बिलाशी जुळवा आणि पडद्याचे फोटो काढून ठेवा.

"आय फाइव्ह" म्हणजे नेमकं काय?

इथे बरेच जण फसतात. दुकानदार म्हणतो, "आय फाइव्ह आहे ताई, एकदम टॉप." पण इंटेल कंपनी आय५ नावाचे प्रोसेसर २००९ पासून विकते आहे. कोणत्या पिढीचा, ते पुढच्या आकड्यात असतं. आय५-१२३५यू हा बाराव्या पिढीचा. आय५-६२००यू हा सहाव्या पिढीचा, म्हणजे २०१५ सालचा. दोन्ही "आय फाइव्ह"च. काही नव्या प्रोसेसरच्या नावांची पद्धत वेगळी आहे, म्हणून पिढी ओळखत बसण्यापेक्षा पूर्ण नाव बिलाशी अक्षरन् अक्षर जुळवा.

याने फरक पडतो. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. गटाचे बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होणार, ते सुरक्षेचे अपडेट न मिळणारं नको.

वापरलेलं मशीन नवीन म्हणून?

लॅपटॉप किती वापरला गेला ते बॅटरी सांगते. विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत 'सीएमडी' लिहा आणि एंटर करा. काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' लिहून एंटर करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला सांगितलंत तर दोन मिनिटांत करून देतील. त्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. नवीन मशीनमध्ये ते जवळजवळ सारखे असतात. दुसरा आकडा बराच कमी असेल, किंवा 'सायकल काउंट' शेकड्यांत असेल, तर बॅटरी वापरलेली आहे.

विंडोज खरं आहे का, हे सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि 'ॲक्टिव्हेशन' इथे कळतं. तिथे 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. ऑफिससाठी वर्ड उघडून 'फाइल' आणि 'अकाउंट' बघा. पुष्कळदा ऑफिस महिन्याभराच्या चाचणीपुरतंच असतं.

स्क्रीन मोजायला तर आपली शिवणाची टेपच पुरते. १५.६ इंच म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी, सुमारे ३९.६ सेंटीमीटर. काळी चौकट सोडून फक्त उजेड दिसतो तेवढाच भाग मोजा.

हे मात्र फसवणूक नाही

५१२ जीबी लिहिलंय आणि मशीन सुमारे ४७६ दाखवतंय, म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइट धरतं. जागा तेवढीच, माप वेगळं. त्यामुळे २५६ चे सुमारे २३८ दिसतात आणि एक टीबीचे सुमारे ९३१. 'सी' ड्राइव्ह याहूनही थोडा लहान दिसतो, कारण काही जागा विंडोजने स्वतःसाठी राखलेली असते. तसंच आठ जीबी रॅमपुढे कंसात ७.७ किंवा ७.८ वापरण्याजोगी असं दिसलं तर तेही बरोबर आहे. पण आठच्या जागी चार दिसले, तर ते माप वेगळं नाही, माल वेगळा आहे.

माल वेगळा निघाला तर

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा. फरक दिसल्या दिवशीच दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर फोटोसह कळवलं तरी चालेल. नुसतं फोनवर बोलून सोडू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. म्हणून पहिल्या महिन्यातच हालचाल करा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का बिलावर असला म्हणून जाहिरातीपेक्षा कमी माल द्यायची मुभा कोणाला मिळत नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण तिथे पहिला प्रश्न येईल तो बिलाचाच.

बैठकीत ठेवा

खरेदी झाली की पुढच्या बैठकीत बिल, जाहिरात आणि पडद्याचे फोटो सगळ्यांसमोर ठेवा. जुळवून पाहिल्याची नोंद इतिवृत्तात घ्या आणि हजर बायांच्या सह्या घ्या. पैसा सगळ्यांचा आहे, तर तपासणीही सगळ्यांची असू दे. मग उद्या काही झालं तर एकट्या कोषाध्यक्ष ताईला मान खाली घालावी लागणार नाही.